लघवी गळते, पण नेमकी कशी? प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचारांआधी, उपचार चालू असताना आणि नंतर काय करायचं

‘लघवी गळते’ एवढंच सांगून डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडणारे बरेच असतात. तेवढ्यावर कोणालाच नीट सल्ला देता येत नाही. खोकल्यावर पिचकारी उडणं वेगळं, घाई लागून बाथरूमच्या दारातच सुटणं वेगळं, आणि लघवी तुंबून थेंबथेंब ओघळत राहणं तर अगदीच वेगळं. पहिल्या प्रकारात स्नायूंना बळ द्यावं लागतं, दुसऱ्यात मूत्राशय शांत करावं लागतं, तिसऱ्यात अडथळा काढावा लागतो. दुसऱ्या प्रकारचं औषध तिसऱ्या प्रकारच्या माणसाने घेतलं तर लघवी पुरती अडूही शकते. म्हणून या लेखात व्यायाम, पॅड, औषधं, ऑपरेशन हे सगळं असलं, तरी आपली गळती कोणती हे आधी ओळखायचं, मग उपायाकडे जायचं.

आत काय बदलतं

प्रोस्टेट मूत्राशयाच्या अगदी खाली असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. लघवी धरून ठेवायला शरीरात दोन ठिकाणी स्नायूंची कडी आहेत. एक मूत्राशयाच्या तोंडाशी. ते आपोआप काम करतं, त्यावर आपला हुकूम चालत नाही. दुसरं प्रोस्टेटच्या खाली. ते आपण मुद्दाम आवळू शकतो. कॅन्सरसाठी प्रोस्टेट पूर्ण काढतात तेव्हा तिच्यातून जाणारा मूत्रमार्गाचा तुकडाही जातो आणि मूत्राशयाचं तोंड खालच्या मूत्रमार्गाला शिवतात. वरचं कडं त्यात बहुतांशी निकामी होतं. इतकी वर्षं दोघांनी मिळून केलेलं काम एकट्या खालच्या कड्यावर येतं, आणि तेही ऑपरेशनमध्ये थोडंफार दुखावलेलं असतं. ऑपरेशनच्या वेळी मूत्राशयात घातलेली लघवीची नळी (कॅथेटर) निघाल्यावर पहिले काही आठवडे बहुतेक सगळ्यांनाच गळतं ते यामुळे. याचा अर्थ ऑपरेशन बिघडलं असा होत नाही, आणि कॅन्सर परत आला असा तर मुळीच होत नाही.

रेडिएशनची गोष्ट निराळी. तिथे कडी जागेवर असतात, पण मूत्राशय आणि मूत्रमार्गाचं अस्तर सुजतं. त्यामुळे घाई, जळजळ, वारंवार जावं लागणं आणि रात्रीच्या फेऱ्या वाढतात. हार्मोन उपचारांनी थेट गळती होत नाही. पण त्यांनी स्नायू रोडावतात आणि पोटाचा घेर वाढतो, आणि दोन्हीचा भार शेवटी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर पडतो.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक आकडा. ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ या मोठ्या चाचणीत ऑपरेशनच्या गटातले ४६ टक्के पुरुष सहा महिन्यांनी पॅड वापरत होते. सहा वर्षांनी ते प्रमाण १७ टक्क्यांवर आलं. रेडिएशनच्या गटात हेच आकडे ५ आणि ४ टक्के होते. ऑपरेशननंतरची गळती पुष्कळ कमी होते, पण सगळ्यांची पूर्ण थांबत नाही, हे दोन्ही त्यातून दिसतं. उपचार निवडताना डॉक्टरांना विचारायचा प्रश्नही यातूनच निघतो: ‘तुम्ही ऑपरेशन केलेल्यांपैकी किती जण वर्षभराने पॅडशिवाय असतात?’ हा प्रश्न उद्धट नाही.

आपली गळती ओळखा

तीन दिवसांची एक वही ठेवा. किती वाजता लघवीला गेलात, मापाच्या भांड्यात किती मिली झाली, काय आणि किती प्यायलात, गळली तेव्हा नेमकं काय करत होतात, एवढंच लिहायचं. वही भरली की चित्र बहुधा असं उमटतं:

खोकला, शिंक, हसणं, खुर्चीतून उठणं, वजन उचलणं, वाकणं अशा वेळी गळत असेल आणि आडवं पडल्यावर जवळजवळ कोरडं राहत असेल, तर ती दाबाची गळती. ऑपरेशननंतर बहुधा हीच असते.

आधी जोरात लागते आणि पोचेपर्यंत सुटते, पाण्याचा आवाज ऐकला किंवा घराच्या कुलपाला किल्ली लावली की धीरच राहत नाही, रात्रीही उठावं लागतं, ही घाईची गळती. रेडिएशननंतर ती जास्त दिसते. दोन्ही एकत्र असणारेही पुष्कळ असतात. त्यांनी जास्त त्रास कशाचा आहे ते ठरवून तिथून सुरुवात करावी.

धार बारीक, सुरू व्हायला वेळ, जोर करावा लागतो, झाल्यावरही पोटात शिल्लक आहे असं वाटतं, आणि दिवसरात्र थोडंथोडं ओघळत राहतं, ही तुंबून सांडणारी गळती. भरलेल्या पिंपाच्या काठावरून पाणी सांडावं तसं हे असतं. वरवर गळती दिसते, पण खरी अडचण पिंप रिकामं न होण्याची. इथे व्यायाम किंवा गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. ऑपरेशननंतर शिवलेल्या जागी व्रण आकसून वाट अरुंद झालेली असू शकते. सोनोग्राफीत लघवीनंतर किती शिल्लक राहते ते पाहतात आणि गरज पडली तर दुर्बिणीने तपासतात.

आणखी एक किरकोळ पण मन खाणारा प्रकार म्हणजे लघवी करून चेन लावली की पडणारे चार थेंब. मूत्रमार्गाच्या खोलगट भागात थोडी लघवी साठलेली असते, ती चालताना बाहेर येते. उपाय सोपा आहे. लघवी झाल्यावर अंडकोषांच्या मागे, गुदद्वाराच्या पुढे बोटं ठेवा आणि हलका दाब देत पुढे लिंगाच्या मुळापर्यंत आणा. दोन-तीनदा असं करून थेंब झटकून टाका.

ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर

हातात काही आठवडे असतील तर ते वाया घालवू नका. खाली दिलेला व्यायाम आत्ताच शिकून घ्या. ऑपरेशननंतर दुखऱ्या, बधिर भागात योग्य स्नायू शोधणं फार कठीण जातं. आधी शिकलेलं असेल तर तो सापडतो. पुरुषांच्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणारा फिजिओथेरपिस्ट मिळाला तर एकदा तरी भेटा. सिगारेट सोडा, ऑपरेशननंतरचा खोकला टाके आणि कडं दोघांनाही छळतो. पोट साफ होत नसेल तर त्याचा बंदोबस्त आत्ताच करा. आधीपासून घाई किंवा गळती असेल तर ती सर्जनला सांगून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येते.

नळी आत असताना

ऑपरेशननंतर नळी साधारण एक ते दोन आठवडे असते. या काळात कडं आवळायचा व्यायाम करायचा नाही. नळीभोवती आवळल्याने फायदा काही होत नाही, आणि दुखणं व मूत्राशयाच्या कळा वाढू शकतात.

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली ठेवा, झोपतानाही. नळीला पीळ पडलेला नाही ना, मांडीवरचा पट्टा ती ओढत नाही ना, हे अधूनमधून पाहा. पिशवी काठोकाठ भरू देऊ नका. शौचाला जोर केल्यावर किंवा जास्त चालल्यावर लघवी गुलाबी होणं, नळीच्या कडेने थोडी लघवी येणं, अचानक कळ येऊन लघवीची भावना होणं हे घाबरण्यासारखं नाही. कळा फार येत असतील तर त्यावर औषध मिळतं.

पण नळीतून लघवी येणं थांबलं आणि पोट फुगून दुखायला लागलं, गाठी पडू लागल्या, ताप आला किंवा हुडहुडी भरली, एका पिंढरीला सूज येऊन ती दुखू लागली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि नळी चुकून निघून आली तर सर्जनच्या टीमशी बोलल्याशिवाय कोणालाही ती परत घालू देऊ नका, तो अनुभवी कर्मचारी असला तरी. नवा जोड ताजा असतो आणि चुकीच्या दिशेने गेलेली नळी तो फाडू शकते. हे वाक्य घरच्यांनाही वाचून दाखवा, कारण ऐन वेळी फोन करायची वेळ त्यांच्यावरच येते.

नळी निघते तो दिवस

जाताना पॅड, जादा अंडरवेअर आणि गडद रंगाची सैल पँट सोबत न्या. पहिल्या काही तासांत लघवी सरळ वाहून गेल्यासारखी वाटते आणि बहुतेकांचा धीर सुटतो. त्या दिवसावरून पुढचा अंदाज बांधू नका. घरी आल्यावर चार-पाच तास लघवी झालीच नाही आणि पोट ताणल्यासारखं वाटू लागलं तर मात्र परत जा. सूज येऊन ती अडलेली असू शकते.

सुधारणेचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी रात्र कोरडी होते, मग सकाळ, मग बसलेलं असताना, मग चालताना. संध्याकाळ सगळ्यात शेवटी सुधारते, कारण दिवसभर काम करून कडं थकलेलं असतं. सकाळी कोरडे आणि सहानंतर ओले, हे पहिल्या महिन्यांत पुष्कळांच्या बाबतीत घडतं. काळजी उलट्या क्रमाची करायची. गळती कमी होत जाऊन पुन्हा वाढू लागली आणि धारही बारीक झाली, तर जोड आकसल्याची शक्यता असते, लगेच दाखवा.

व्यायाम: नेमका कुठला स्नायू, नेमका कसा

बायकांसाठी हे व्यायाम अमेरिकन डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनी १९४०च्या दशकात मांडले. पुरुषांना ते शिकवताना वर्षानुवर्षं एकच सूचना दिली गेली, ‘वारा सरतोय आणि तो अडवायचाय असं समजून आवळा’. त्याने आवळतं ते मुख्यतः गुदद्वाराभोवतीचं कडं. ऑस्ट्रेलियातले संशोधक पॉल हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या सूचना देऊन अल्ट्रासाउंडवर कोणता स्नायू हलतो ते पाहिलं. मूत्रमार्गाचं कडं सगळ्यात चांगलं आवळलं ते ‘लिंग आखूड करा’ या सूचनेने. तेव्हा मनात चित्र ठेवायचं ते लिंग मुळाशी आत ओढून घेण्याचं, थंड पाण्यात उतरताना होतं तसं.

बरोबर जमतंय का हे कपड्यांशिवाय आरशासमोर उभं राहून पाहा. लिंगाचं मूळ किंचित आत जायला हवं आणि अंडकोष जरासे वर उचलले जायला हवेत. नितंब, मांड्या आणि पोट ढिले राहायला हवेत. श्वास चालू हवा. तो रोखला जात असेल तर तुम्ही जोर लावताय, आणि जोर खाली ढकलतो, नेमका उलटा. लघवीची धार मध्येच थांबवून पाहणं फक्त स्नायू ओळखण्यासाठी एखाद्या वेळी ठीक, रोजचा व्यायाम म्हणून नको. त्याने मूत्राशय नीट रिकामं न करण्याची सवय लागू शकते.

नळी निघाल्यावर सर्जनने होकार दिला की असं सुरू करा:

१. उताणे झोपा, गुडघे वाकवा. हळू आवळा, ३ सेकंद धरा, पूर्ण सोडा. सोडणंही व्यायामाचाच भाग आहे. जेवढा वेळ धरलं तेवढा वेळ तरी ढिलं राहा.
२. असं १० वेळा. १० जमत नसतील तर ५, पण प्रत्येक आवळणं शुद्ध हवं. शेवटची दोन नितंबांनी मारून नेण्यात अर्थ नाही.
३. मग १० झटपट: आवळा, सोडा, आवळा, सोडा. खोकला सांगून येत नाही, त्यासाठी हा वेग लागतो.
४. हा संच दिवसातून तीनदा. काही आठवड्यांत धरण्याचा वेळ १० सेकंदांपर्यंत न्या.
५. झोपून जमलं की बसून, बसून जमलं की उभं राहून. गळतं उभं असताना, त्यामुळे व्यायाम शेवटी उभ्यानेच व्हायला हवा. नंतर चालताना चार पावलं आवळून, चार पावलं ढिलं.

याहून महत्त्वाची एक सवय आहे आणि नेमकी तीच राहून जाते. खोकण्याआधी, शिंकेआधी, खुर्चीतून उठण्याआधी, पिशवी उचलण्याआधी क्षणभर आधी आवळायचं आणि कृती संपेपर्यंत धरायचं. सुरुवातीला खुर्चीतून उठताना दर वेळी थांबून, आठवण करून हे करावं लागतं. काही आठवड्यांनी ते आपोआप होऊ लागतं.

उत्साहाच्या भरात दिवसाला शेकडो वेळा करणारे लोक भेटतात. थकलेलं कडं जास्त गळतं. संध्याकाळी त्रास वाढला असेल तर व्यायाम वाढवू नका, कमी करा. जड वजनं सर्जनने सांगितलेल्या मुदतीपर्यंत उचलायची नाहीत. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून चांगलं.

आता एक स्पष्ट गोष्ट. व्यायामाने सगळं बरं होतं असं सांगण्याची पद्धत आहे, आणि ते खरं नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘मॅप्स’ चाचणीत प्रोस्टेट काढल्यावरही गळणाऱ्या पुरुषांपैकी काहींना फिजिओथेरपिस्टने वैयक्तिक शिकवणी दिली, बाकीच्यांना नेहमीची माहिती मिळाली. वर्षानंतर दोन्ही गटांत साधारण तीन चतुर्थांश पुरुषांना थोडी तरी गळती होतीच. व्यायामाने कोरडेपणा काहीसा लवकर येतो, वर्षअखेरीचा फरक मात्र फार राहत नाही, असं आजचं सर्वसाधारण मत आहे. तरीही मी तो करायला सांगेन. त्याला पैसे लागत नाहीत, अपाय नाही, आणि दोन महिने आधी पॅड सुटणं ही लहान गोष्ट नाही. पण वर्षभर मनापासून करूनही गळत असेल तर ‘तुम्ही नीट केलं नसेल’ हे कोणाचंही बोलणं मनावर घेऊ नका. कड्याला झालेली इजा इच्छाशक्तीने भरत नाही. तिथून पुढचे उपाय वेगळे आहेत.

घाई लागते तेव्हा

जोरात लागली की माणूस बाथरूमकडे धावतो, आणि धावण्यातच सुटते. उलट करा. जागीच थांबा, शक्य असेल तर बसा. पाच-सहा वेळा झटपट आवळा. त्याने मूत्राशयाच्या आकुंचनाला उलटा निरोप जातो. लांब श्वास सोडा, मनात उलटे आकडे मोजा. लाट ओसरली की मग सावकाश चालत जा. पहिल्या काही प्रयत्नांत हरायला होईल, म्हणून सराव घरी करा.

त्यासोबत वेळा वाढवत न्यायच्या. वहीत दर तासाला जाताय असं दिसलं तर सव्वा तासावर आणा, ते आठवडाभर जमलं की दीड. तीन तासांच्या आसपास पोचलात तरी पुष्कळ झालं. ‘बाहेर पडतोय तर जाऊन घेऊ’ ही सवय मूत्राशयाला थोडक्यावरच कुरकुरायला शिकवते.

पाणी तोडू नका. घट्ट, गडद लघवी अस्तराला टोचते आणि घाई वाढवते. शिवाय जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठता मागे लागतात. दुसऱ्या आजारामुळे डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव दिवसभर विभागून घ्या आणि झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत कमी करा. चहा, कॉफी, दारू, फसफसणारी पेयं यांतलं एकेक आठवडाभर बंद करून वहीत फरक पडतो का ते पाहा. पडला नाही तर उगाच सोडू नका.

रेडिएशन चालू असेल तर

त्रास सहसा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ओसरू लागतो. जळजळ झाली की ती रेडिएशनचीच असं धरून चालू नका. लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना ते पाहून घ्या.

बऱ्याच केंद्रांत रोजच्या सत्राला मूत्राशय ठरावीक भरलेलं ठेवायला सांगतात. त्यामुळे मूत्राशयाचा वरचा भाग आणि आतडं किरणांपासून दूर राहतं. घाई वाढली की काही जण गुपचूप कमी पाणी पिऊन येतात. तसं करू नका. धरवत नाही हे तिथल्या तंत्रज्ञाला सरळ सांगा. वेळ जुळवून देतात, प्रमाण बदलतात, औषध देतात. टेबलावर गळलं तर त्यांना त्यात नवल वाटत नाही.

आतून किरणोत्सर्गी बिया बसवल्या असतील तर सुजेमुळे लघवी अडण्याची शक्यता जास्त. धार बारीक होऊ लागली की कळवा. ऑपरेशननंतर रेडिएशन ठरत असेल तर ‘पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी) पाहता लघवीवरचा ताबा स्थिरावेपर्यंत थांबता येईल का?’ असं विचारा. नेहमी थांबता येत नाही, पण विचारायलाच हवं. आणि रेडिएशन झालेल्या माणसाने प्रोस्टेट खरवडून काढायचं ऑपरेशन करून घेण्यापूर्वी गळतीच्या धोक्याबद्दल सविस्तर बोलून घ्यावं. किरणांनी कडक झालेल्या भागात तो धोका वाढतो. उपचारांनंतर महिन्यांनी, वर्षांनीही लघवीतून रक्त येऊ शकतं. एकदाच आलं तरी तपासून घ्या.

पॅड, त्वचा आणि बाहेर पडणं

पाळीसाठीचे पॅड वापरू नका. ते वेगळ्या द्रवासाठी आणि संथ वेगासाठी बनवलेले असतात; लघवीचा एकदम आलेला लोट त्यांना पेलत नाही. पुरुषांसाठीचे पॅड पुढच्या बाजूला जास्त शोषतात. थेंबांसाठी खिशासारखा छोटा पॅड, मध्यम गळतीला मोठा, सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा लांबच्या प्रवासात चड्डीसारखा ओढून घालायचा डायपर. पॅड सैल बॉक्सरमध्ये सरकतो. अंगाला घट्ट बसणारी अंडरवेअर हवी. एकावर एक दोन पॅड लावून उपयोग नाही, वरच्याच्या तळाला प्लॅस्टिक असतं, त्यातून खाली काही जात नाही. मोठं पाकीट घेण्याआधी दोन-तीन प्रकार एकेक करून वापरून पाहा.

गळती किती हे आकड्यात हवं असेल तर कोरड्या पॅडचं वजन करा, २४ तासांतले वापरलेले सगळे पॅड बंद पिशवीत साठवून त्यांचं वजन करा आणि कोरड्यांचं वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. दिवसाला किती पॅड लागले यापेक्षा हा आकडा जास्त खरं सांगतो, कारण कोणी थेंबाला बदलतो तर कोणी भिजून जड होईपर्यंत ठेवतो. महिन्यातून एकदा केलं तरी सुधारणा डोळ्यांना दिसते.

ओलाव्यात राहिलेली कातडी लाल होते, सोलवटते. साबणाने घासू नका. सौम्य द्रवाने किंवा नुसत्या कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइड किंवा डायमेथिकोन असलेलं मलम पातळ लावा. जाड थर दिला तर पॅडची शोषण्याची ताकद कमी होते. जांघेत खाज आणि कडा असलेले लाल चट्टे दिसले तर ती बहुधा बुरशी. तिचं मलम वेगळं.

रात्री नळी जोडलेलं निरोधासारखं आवरण काहींना सोयीचं पडतं. माप बरोबर हवं, केस कापलेले, त्वचा कोरडी, टोकाशी थोडी जागा मोकळी, आणि रोज नवं. लिंगावर लावायचा चिमटा दाबाच्या गळतीत तासभराच्या फिरण्यापुरता कामाचा आहे. दर तास-दोन तासांनी तो सोडायचा, झोपताना कधीच लावायचा नाही, आणि त्या भागात संवेदना कमी असेल किंवा विसरभोळेपणा असेल तर वापरायचाच नाही.

बाहेर जाताना घडी बसणारा पॅड, ओले टिश्यू आणि दोन चेनच्या पिशव्या जवळ ठेवा. पुरुषांच्या स्वच्छतागृहात कचऱ्याचा डबा नसतोच असं धरून चाला. गादीवर जलरोधक आवरण घाला, म्हणजे जोडीदाराचीही झोप शांत होते.

शरीरसंबंधाच्या वेळी, विशेषतः उत्कर्षाच्या क्षणी, लघवी येणं ऑपरेशननंतर अनेकांना होतं आणि कोणी बोलत नाही. आधी मूत्राशय रिकामं करा, निरोध वापरा, टॉवेल हाताशी असू द्या; लिंगाच्या मुळाशी लावायच्या ताणल्या जाणाऱ्या कड्याबद्दल डॉक्टरांना विचारा. जोडीदाराला आधी सांगून ठेवलं की निम्मा ताण तिथेच उतरतो.

औषधं

घाईच्या गळतीला ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन अशी औषधं आहेत. तोंड कोरडं पडतं, पोट बांधतं, आणि वयस्कर माणसांत स्मृतीवर परिणाम होऊ शकतो. काचबिंदू असेल तर आधी सांगा. मिराबेग्रॉन वेगळ्या रीतीने काम करतं, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. यांपैकी काहीही सुरू करण्याआधी लघवीनंतर किती शिल्लक राहते ते तपासलं जावं असा आग्रह धरा. गोळ्यांनी भागलं नाही तर मूत्राशयाच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शनं देता येतात. दाबाच्या गळतीवर डुलॉक्सेटिन काही डॉक्टर देतात. मळमळीने पुष्कळ जण सोडतात, आणि ते एकदम बंद करायचं नसतं. लघवी मोकळी व्हावी म्हणून दिलेल्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळीने दाबाची गळती वाढू शकते. ती जुन्या चिठ्ठीवरून अजून चालू आहे का ते पाहा.

एक गोष्ट या सगळ्यापासून वेगळी. आजार हाडांत पसरलेला असेल आणि लघवी-शौचावरचा ताबा अचानक गेला, पाय लुळे पडू लागले, बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा पाठीत नवं तीव्र दुखणं सुरू झालं, तर हा मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब असू शकतो. त्याच तासाला इमर्जन्सीत जा. तिथे तासांनी फरक पडतो.

सहा महिने, एक वर्ष, आणि ऑपरेशन

या दोन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी त्रासदायक दाबाची गळती असेल आणि सुधारणा दिसत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार तेव्हाच सुरू करता येतो. वर्षानंतरही गळती असेल तर तो पर्याय रुग्णापुढे ठेवायला हवा. प्रत्यक्षात लोक चार-पाच वर्षं पॅडवर काढतात, कारण ‘कॅन्सर गेला ना, मग एवढ्याशाची तक्रार काय करायची’ असं त्यांना वाटतं. तक्रार करा. पीएसए पाहून समाधान मानणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं नाही तरी करा, आणि लागलं तर गळतीच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या युरॉलॉजिस्टचं नाव मागून घ्या.

मुख्य पर्याय दोन. मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवून त्याला आधार देणं, हे कमी ते मध्यम गळतीसाठी. त्यात चालू-बंद करायचं काही नसतं. गळती फार असेल तर ती पुरत नाही, आणि आधी रेडिएशन झालेलं असेल तर बहुधा दुसऱ्या पर्यायाकडे वळतात. मूत्रमार्गात भर घालणारी इंजेक्शनंही आहेत, पण त्यांचा परिणाम कमी आणि थोडे दिवसांचा असतो.

दुसरा पर्याय कृत्रिम कडं. त्याचं आधुनिक रूप १९७२ मध्ये अमेरिकेत ब्रँटली स्कॉट यांनी पहिल्यांदा बसवलं. मूत्रमार्गाभोवती द्रवाने भरलेला पट्टा, पोटात छोटा फुगा आणि अंडकोषाच्या पिशवीत पंप असे त्याचे तीन भाग असतात. लघवी करायची तेव्हा पंप दाबायचा; पट्ट्यातला द्रव फुग्यात जातो, वाट मोकळी होते, आणि दोन-तीन मिनिटांत पट्टा आपोआप पुन्हा भरतो. बसवल्यावर साधारण सहा आठवडे तो बंद ठेवतात, म्हणजे तेवढे दिवस गळती आधीसारखीच राहते. हे माहीत नसलेले लोक उगाच खचतात. पंप चालवायला बोटांत ताकद आणि लक्षात ठेवण्याची क्षमता हवी, तेव्हा हाताचा संधिवात किंवा कंपवात असेल तर आधी नमुन्यावर दाबून पाहा. हे यंत्र आहे, झिजतं. काही वर्षांनी दुरुस्तीचं किंवा बदलण्याचं ऑपरेशन लागू शकतं. जंतुसंसर्ग किंवा मूत्रमार्गाला झीज झाली तर ते काढावंही लागतं. थेंबही येणार नाही असं वचन कोणी देत नाही. दिवसाला एखादा छोटा पॅड लागला तरी बहुतेक डॉक्टर त्याला यश म्हणतात, आणि आधी पाच-सहा भिजवणाऱ्यालाही ते पटतं.

ते बसवल्यावर एक कार्ड मिळतं. ते पाकिटात कायम असू द्या आणि घरातल्या एकाला तरी त्याचा अर्थ समजावून ठेवा. पुढे कधी हृदयाच्या, गुडघ्याच्या किंवा कुठल्याही दुखण्यासाठी भरती झालात आणि कोणी लघवीची नळी घालायला आलं, तर आधी पट्टा उघडून यंत्र बंद करायला हवं. आवळलेल्या पट्ट्यातून नळी रेटली तर मूत्रमार्गाला इजा होते आणि सगळं यंत्र काढायची वेळ येऊ शकते. तुम्ही शुद्धीत नसाल तर ‘नळी घालू नका, आधी युरॉलॉजिस्टला बोलवा’ हे त्या घरच्या माणसानेच सांगायचं असतं.